मागतानाचं वाक्य

मुक्तस्रोत सॉफ्टवेअर बनवणाऱ्या धर्मादाय संस्था पैशाचा हिशेब देत नाहीत, अशी तक्रार अधूनमधून कानावर येते. ती बहुतांशी खोटी आहे. मोझिला, विकिमीडिया, पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशन या अमेरिकेत नोंदलेल्या संस्थांचे जमाखर्च कुणालाही घरबसल्या वाचता येतात. तिथल्या आयकर खात्याकडे दरवर्षी भरायचा ‘फॉर्म ९९०’ हा सार्वजनिक दस्तऐवज आहे आणि मागेल त्याला तो दाखवणं संस्थेवर बंधनकारक आहे. वरिष्ठ अधिकाऱ्यांचे पगार त्यात नावानिशी असतात. खर्च तीन रकान्यांत फोडून दाखवलेला असतो : प्रत्यक्ष कार्यावरचा, व्यवस्थापनावरचा आणि निधिसंकलनावरचा. आपल्याकडच्या किती संस्थांचा ताळेबंद इतक्या सहज वाचायला मिळतो, हे ज्याचं त्याने पाहावं. आणि तरीही या संस्थांचे देणगीदार दर एक-दोन वर्षांनी चिडतात, फसवणूक झाल्याची भाषा करतात. हिशेब उघडा असून माणसं चिडत असतील, तर गोम हिशेबाच्या वहीत नसून वहीच्या आधी कुठेतरी असणार. माझं म्हणणं असं, की ऑडिट सुरू होतं ते पैसा खात्यात आल्यावर. ज्या वाक्यावर विसंबून माणसाने तो पैसा दिला, ते वाक्य कुणीच तपासत नाही. पुढच्या वादातले मामा आणि भाची कल्पित आहेत. मामा सार्वजनिक विश्वस्त संस्थांचे हिशेब तपासणारे सनदी लेखापाल, भाची मुक्तस्रोत सॉफ्टवेअर लिहिणारी. आकडे मात्र खरे आहेत.

मामा : फायरफॉक्स वापरणारा माणूस मोझिलाच्या नावाने देणगी देतो, तेव्हा त्याच्या मनात काय असतं? हा ब्राउझर टिकावा, एवढंच. आणि पैसा कुठे जातो? मोझिला फाउंडेशन ही २००३ साली स्थापन झालेली धर्मादाय संस्था. फायरफॉक्स बनवते ती मोझिला कॉर्पोरेशन, २००५ साली काढलेली, कर भरणारी कंपनी. फाउंडेशन तिची शंभर टक्के मालक आहे, पण देणगी घेते फाउंडेशन आणि खर्च करते आपल्या जनजागृतीवर, धोरणविषयक कामावर, शिष्यवृत्त्यांवर. फायरफॉक्सच्या प्रोग्रामरच्या पगारात त्या देणगीतलं काही जात नाही. अगं, अन्नछत्राच्या पेटीत पडलेला रुपया सभामंडपाच्या फरशीला लावला, तर फरशी कितीही चांगली असो, ऑडिटर शेरा मारणारच.

भाची : मामा, पण पेटीवर ‘अन्नछत्र’ असं लिहिलेलंच नव्हतं. पेटीवर लिहिलं होतं ‘मोझिला’. आणि देणगीविषयीच्या प्रश्नोत्तरांत त्यांनी स्वच्छ सांगितलंय, की फायरफॉक्स कॉर्पोरेशन चालवते, त्याची कमाई मुख्यतः तिथेच परत गुंतवली जाते आणि देणग्या फाउंडेशनच्या कामाला लागतात. लपवलं काय? शिवाय फायरफॉक्सला तुमच्या देणगीची गरज तरी कुठे आहे? २०२२ साली मोझिलाचं एकूण उत्पन्न ५९ कोटी डॉलरच्या वर होतं. त्यातले जवळजवळ ५१ कोटी सर्च इंजिनांकडून आलेली रॉयल्टी, आणि तीही मुख्यतः गूगलची. त्यापुढे देणग्या म्हणजे चिमूटभर. उलट पैसा कंपनीकडून फाउंडेशनकडे येतो, ट्रेडमार्क वापरण्याचं शुल्क म्हणून. देणग्यांतून जे होतं तेही काही वाईट नाही. ‘कॉमन व्हॉइस’ घ्या. लोक आपापल्या भाषेतली वाक्यं वाचून आवाज देतात, तो संग्रह सगळ्यांना खुला असतो. त्यात मराठीही आहे. कुठल्या बड्या कंपनीने मराठीसाठी असा खुला संग्रह फुकट केला असता?

मामा : मी वाया गेला म्हणतच नाही. फरशीच्या दर्जावर शेरा नसतो, हे मघाशीच म्हणालो. पेटीवर नुसतं ‘मोझिला’ होतं म्हणतेस, पण ज्या माणसाला मोझिलाचा एकच पदार्थ माहीत आहे त्याला ते नाव वाचून दुसरं काय कळणार? आणि हे त्या संस्थेला ठाऊक नसतं असं मला सांगू नकोस. प्रश्नोत्तरांच्या पानावर लिहिणं म्हणजे विमा पॉलिसीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिणं. बरं, ते सोड. प्रमुखांच्या पगाराचं काय? तेव्हाच्या प्रमुख मिचेल बेकर यांना २०१८ मध्ये मिळाले सुमारे साडेचोवीस लाख डॉलर, २०२२ मध्ये जवळपास ६९ लाख. मधल्या काळात फायरफॉक्सचे वापरकर्ते कमी होत होते आणि २०२० च्या ऑगस्टमध्ये सुमारे अडीचशे माणसांना घरी पाठवलं होतं.

भाची : ते आकडे तुम्ही कुठे वाचले?

मामा : फॉर्म ९९० मध्ये. भाग सात.

भाची : भाग सातमध्ये पगाराचे रकाने वेगवेगळे आहेत. रकाना ‘डी’ म्हणजे या संस्थेकडून मिळालेला मोबदला. रकाना ‘ई’ म्हणजे संलग्न संस्थांकडून मिळालेला. बेकरबाईंचा पगार ‘ई’मध्ये आहे. म्हणजे तो कॉर्पोरेशनने दिला, सर्चच्या कमाईतून. देणगीदाराचा एक डॉलर त्यात नाही. लोकांनी मात्र सर्रास लिहिलं, की आमच्या देणगीतून सत्तर लाखांचा पगार गेला. तुम्ही सीए आहात, तुम्ही तरी रकाना बघायचा.

मामा : रकाना बघूनच बोलतोय. देणगीतून गेला असं मी म्हणालो का? पण कंपनीची मालक शंभर टक्के फाउंडेशन. मालक धर्मादाय संस्था असेल, तर तिच्या कंपनीने कुणाला किती द्यायचं हा प्रश्न देणगीदाराने विचारायचाच नाही, हे मला मान्य नाही.

इथे दोघांचंही खरं आहे, आणि म्हणूनच हे उदाहरण उपयोगी पडतं. बेकर यांच्या पगारावरचा राग देणगीदार म्हणून चुकीच्या रकान्यावर निघाला, पण संस्थेच्या कारभाराकडे पाहणारा नागरिक म्हणून तो अस्थानी नव्हता. घोटाळा झाला तो या दोन भूमिका एकाच ‘मोझिला’ नावाखाली मिसळल्यामुळे. देणगी मागताना नावाची पुण्याई फायरफॉक्सची वापरायची आणि पगाराचा विषय निघाला, की ती वेगळी कंपनी आहे म्हणून सांगायचं, असं झालं तर माणसं चिडणारच. कायद्याने दोन्ही विधानं बरोबर आहेत. पण मालक-कंपनी हे नातं एखाद्या देणगीदाराने स्वतः खणून काढावं, अशी अपेक्षा ठेवणं हा काही हिशेब देण्याचा प्रकार नव्हे. धर्मादाय संस्थेने आपला निधी व्यापारी कंपनीच्या उत्पादनात ओतायचा म्हटलं तर कायद्याचे नाजूक प्रश्न उभे राहतात, त्यामुळे ही रचना बदलणं सोपं नाही, हेही मान्य. रचना बदलू नका. देणगीच्या बटणाशेजारी एवढंच लिहा, की या पैशातून फायरफॉक्स बनत नाही.

भाची : तुम्ही म्हणता तसं प्रत्येक रुपयावर हेतूचा शिक्का मारला, की काय होतं ते सांगते. ओपनएसएसएल. बँकेच्या संकेतस्थळाशी तुमचा संगणक गुप्तपणे बोलतो, त्या बोलण्याची कुलूपकिल्ली सांभाळणारं सॉफ्टवेअर. २०१४ च्या एप्रिलमध्ये त्यात ‘हार्टब्लीड’ नावाचं भगदाड सापडलं. चूक शिरली होती २०११ च्या अखेरीस, म्हणजे दोन वर्षांहून अधिक काळ जगभरातले लाखो सर्व्हर उघडे होते. मग लोकांनी पाहिलं, की हे सगळं सांभाळतंय कोण? पूर्णवेळ माणूस एक. आणि देणग्या वर्षाला साधारण दोन हजार डॉलर. जगातल्या श्रीमंतांतल्या श्रीमंत कंपन्या ते सॉफ्टवेअर फुकट वापरत होत्या. त्या गटाचा चरितार्थ चालत होता तो गिऱ्हाइकांची सांगितलेली कामं करून. प्रत्येक गिऱ्हाईक स्वतःला हवं ते नवं काम सांगायचं आणि त्याचे पैसे द्यायचं. जुन्या कोडवर बसून चुका शोधायचे पैसे कुणीच देत नव्हतं. शिक्का मारलेला पैसा नव्याकडे धावतो, डागडुजीकडे नाही.

मामा : पण नंतर आले ना पैसे?

भाची : भगदाड पडल्यावर! त्याच महिन्यात लिनक्स फाउंडेशनने बड्या कंपन्यांना एकत्र आणलं आणि किमान तीन वर्षं दरवर्षी एक लाख डॉलर द्यायचं प्रत्येकीकडून कबूल करून घेतलं. दहा वर्षांनी, २०२४ च्या मार्चमध्ये, ‘एक्सझेड’ नावाच्या दुसऱ्या एका छोट्या पण सगळीकडे वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी मुद्दाम चोरदरवाजा बसवला. तो बसवता आला, कारण मूळ सांभाळणारा माणूस एकटा होता आणि थकला होता. मदतीच्या मिषाने आलेल्याने हळूहळू त्याचा विश्वास मिळवला. त्या माणसाला महिन्याचा पगार द्यायचा असता, तर तो तुमच्या कुठल्या शीर्षकाखाली आला असता? ‘आस्थापना खर्च’. आणि आस्थापना खर्च वाढला, की तुम्हीच शेरा मारणार.

मामा : आस्थापना खर्चावर डोळा ठेवायला आम्हाला उगीच शिकवलेलं नाही. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असे ट्रस्ट मी पाहिलेत. तुझ्या विकिमीडियाचंच बघ. २०२२-२३ या वर्षात खर्च १६ कोटी ९० लाख डॉलर. त्यातले १० कोटींहून अधिक पगारावर. आणि विकिपीडिया चालू ठेवायला लागणाऱ्या इंटरनेट होस्टिंगवर किती? ३१ लाख. शंभरात दोनसुद्धा नाहीत.

भाची : आणि तेवढ्यावरून लोक म्हणतात, की बाकीचे अठ्ठ्याण्णव उधळले. मामा, सॉफ्टवेअर संस्थेकडे माणसांशिवाय दुसरं असतं काय? सर्व्हर विकत आणता येतो, पण विकिपीडियामागचं ‘मीडियाविकी’ हे सॉफ्टवेअर रोज दुरुस्त करायला माणूसच लागतो. देवनागरीतलं टंकन, उजवीकडून डावीकडे लिहायच्या लिप्या, मोबाइलवरचं संपादन, हल्ले परतवणं, कोर्टकज्जे, हे सगळं पगारातच येतं. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे. तो होस्टिंगच्या ३१ लाखांत चालतो असं वाटत असेल, तर फक्त सर्व्हर ठेवून बाकी सगळे घरी पाठवा आणि सहा महिन्यांनी बघा. कमी आस्थापना खर्च म्हणजे चांगली संस्था हे समीकरण अमेरिकेतही मोडीत निघालंय. २०१३ मध्ये गाइडस्टार, चॅरिटी नेव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स या, धर्मादाय संस्थांची पारख करणाऱ्या, तीन संस्थांच्या प्रमुखांनी देणगीदारांना खुलं पत्र लिहून सांगितलं, की केवळ या टक्केवारीवरून आमच्याच यादीतल्या संस्थांचं मोल ठरवू नका.

या मुद्द्यावर मी भाचीच्या बाजूचा आहे, आणि अर्धवट नव्हे. सॉफ्टवेअरच्या धर्मादाय संस्थेत ‘कार्य’ आणि ‘व्यवस्थापन’ यांची वाटणी बऱ्याचदा कागदापुरती असते. एकच माणूस सकाळी कोड तपासतो, दुपारी अनुदानाचा अर्ज लिहितो, संध्याकाळी स्वयंसेवकांचं भांडण मिटवतो. त्याचा पगार तीन रकान्यांत कसा वाटायचा हे अंदाजाने ठरतं आणि ऑडिटर तो अंदाज वाजवी आहे का एवढंच पाहतो. याहून मोठी अडचण अशी, की या संस्थांना मिळणारी सगळ्यात मोठी देणगी वहीत येतच नाही. स्वयंसेवकांच्या श्रमाला आणि फुकट मिळालेल्या सेवेला फॉर्म ९९० च्या जमेच्या बाजूला जागा नाही. पायथनच्या जगात ‘पायपीआय’ हे कोठार आहे, जिथून जगभरचे प्रोग्रामर तयार कोड उतरवून घेतात. ती प्रचंड वाहतूक फास्टली ही कंपनी देणगी म्हणून वाहते. तेच बिल भरायची वेळ आली, तर वर्षाला सुमारे पन्नास लाख डॉलरवर चालणारी पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशन एका रात्रीत वेगळी संस्था दिसू लागेल. तेव्हा जमाखर्चाच्या टक्केवाऱ्यांवरून अशा संस्थेची पारख करणं म्हणजे समोर असलेल्या निम्म्या गोष्टीवरून निकाल देणं. पण याचा अर्थ मामांचा आक्षेप संपला असं नाही. तो फक्त योग्य जागी जायला हवा.

मामा : ठीक. पगार हा खर्च नव्हे, तेच कार्य, हे धरून चालू. मग विकिपीडियाच्या देणगीच्या बॅनरवर तसं लिहा. २०२२ मध्ये काय झालं ते तूच सांग.

भाची : इंग्रजी विकिपीडियाच्या संपादकांनीच बंड केलं. विकिपीडिया जणू अडचणीत आहे, आता तुम्ही वाचवा, असं भासवणारा मजकूर दर हिवाळ्यात वाचकांसमोर जायचा. संपादक म्हणाले, आम्ही फुकट लिहितो, आमच्या लेखांच्या डोक्यावर असा मजकूर लागणार असेल तर आमची त्याला संमती नाही. रीतसर चर्चा झाली, कौल विरोधात गेला आणि फाउंडेशनला त्या मोसमाचा मजकूर बदलावा लागला.

मामा : आणि तेव्हा गंगाजळी किती होती?

भाची : २०२३ च्या जूनअखेर निव्वळ मालमत्ता पंचवीस कोटी डॉलरच्या आसपास. शिवाय वेगळा कायमनिधी आहे, त्याने २०२१ मध्येच दहा कोटींचं उद्दिष्ट गाठलं होतं.

मामा : म्हणजे दीड वर्षाचा खर्च हाताशी ठेवून माणूस दारात उभा राहतो आणि म्हणतो, चूल विझायला आली आहे.

भाची : राखीव निधी ठेवणं गुन्हा आहे का? लिनक्सवरचा डेस्कटॉप बनवणाऱ्या ग्नोम फाउंडेशनचं बघा. २०१८ मध्ये एका निनावी देणगीदाराने दोन वर्षांत दहा लाख डॉलरपर्यंत द्यायचं कबूल केलं. मोठ्या देणग्या आल्या, की काम वाढतं, माणसं घेतली जातात. मग तशा देणग्या थांबतात. काही वर्षं तुटीचं अंदाजपत्रक चालवून साठवण खाल्ली आणि २०२४ मध्ये खर्चाला कात्री लावून माणसं कमी करावी लागली. ज्याने राखून ठेवलं नाही त्यालाही तुम्ही नावं ठेवणार, ज्याने ठेवलं त्यालाही.

मामा : मी राखण्याला नावं ठेवत नाही. आपल्याकडे आयकराची सवलत हवी तर ट्रस्टने वर्षाच्या उत्पन्नातले ८५ टक्के कार्यावर लावायचे. उरवायचे असतील तर कशासाठी हे सांगून तसा फॉर्म भरायचा, आणि तेही पाच वर्षांपुरतं. जर्मनीतही देणगीचा पैसा मिळालेल्या वर्षानंतर दोन वर्षांच्या आत वापरायचा, असा सर्वसाधारण नियम आहे. तुझं लिबरऑफिस सांभाळणारी ‘द डॉक्युमेंट फाउंडेशन’ बर्लिनची, म्हणजे त्याच नियमाखाली. अमेरिकेत लोकांच्या देणग्यांवर चालणाऱ्या संस्थेवर असं बंधन नाही. नसेना का. पण मग साठवण किती आहे हे मागतानाच सांगायला हवं. ‘आमच्याकडे दीड वर्षाची बेगमी आहे, ती दोन वर्षांची करायची आहे’ असं लिहिलं असतं, तर माझा काही आक्षेप नव्हता.

भाची : तसं लिहिल्यावर कोण देईल?

हाच सगळ्यात जड आक्षेप आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. निधी गोळा करणाऱ्यांना अनुभवाने माहीत असतं, की भीती आणि घाई यांना माणूस लवकर पावतो. खरं आणि सपक वाक्य लिहिलं, तर एखाद्या मोसमात जमा कमी होऊ शकते, हे मान्य करून पुढे जायला हवं. पण या आक्षेपाच्या मागे एक गृहीतक आहे : देणगीदाराला पूर्ण चित्र कळलं तर तो देणार नाही. ते खरं असेल, तर संस्थेचा पैसा देणगीदाराच्या अज्ञानावर उभा आहे, आणि ज्या दिवशी एखादा माणूस भाग सात उघडून रकाने वाचेल त्या दिवशी तो पाया हलेल. मोझिला आणि विकिमीडिया दोघींच्या बाबतीत हलला तो असाच. शिवाय हे गृहीतक सरसकट खरं नाही, याचा पुरावा मोझिलाच्याच घरात आहे.

थंडरबर्ड हा ईमेलचा जुना कार्यक्रम. तो मोझिलाने जवळजवळ वाऱ्यावर सोडला होता. २०२० मध्ये त्याच्यासाठी ‘एमझेडएलए टेक्नॉलॉजीज’ ही वेगळी कंपनी काढली. तीही फाउंडेशनच्याच मालकीची. थंडरबर्ड आपल्या वापरकर्त्यांना थेट सांगतं, की हा कार्यक्रम तुमच्या पैशावर चालतो, दुसरा आधार जवळपास नाही, आणि पैसा मुख्यतः माणसांच्या पगारावर जातो. २०२२ मध्ये त्याला ६४ लाख डॉलर मिळाले. देणारे तीन लाखांहून अधिक, म्हणजे माणशी सरासरी वीस-एकवीस डॉलर. पुढच्या वर्षी ही रक्कम ८६ लाखांवर गेली. यातली गंमत हिशेबवाल्यांनी लक्षात घ्यावी : ही कंपनी धर्मादाय नसल्यामुळे थंडरबर्डला दिलेल्या पैशावर अमेरिकेत करसवलत मिळत नाही. म्हणजे ज्या पैशावर सवलत मिळते तो फायरफॉक्सपर्यंत पोचत नाही, आणि ज्यावर मिळत नाही तो थंडरबर्डपर्यंत सरळ पोचतो. आयकराच्या दृष्टीने धर्मादाय कोण आणि देणगीदाराच्या दृष्टीने प्रामाणिक कोण, हे दोन निराळे प्रश्न आहेत. हिशेबाची सगळी यंत्रणा पहिल्यासाठी उभी केलेली आहे.

मामा : मग ब्लेंडरचं उदाहरण याहून चांगलं. २००२ मध्ये त्या थ्रीडी चित्रांच्या सॉफ्टवेअरची कंपनी बुडाली. टॉन रूझेंडाल यांनी लोकांना सांगितलं, एक लाख युरो द्या, गुंतवणूकदारांकडून कोड सोडवून घेतो आणि सगळ्यांना खुला करतो. सात आठवड्यांत रक्कम जमली, ऑक्टोबरमध्ये कोड खुला झाला. किती हवेत, कशासाठी, झालं का? तिन्ही प्रश्नांची उत्तरं एका ओळीत. ऑडिटरला कामच नाही.

भाची : आणि ते एकदाच होतं. कोड सोडवून घेण्याला किंमत असते, तो वीस वर्षं सांभाळण्याला नसते. म्हणून तर ब्लेंडरनेही नंतर महिन्याच्या महिन्याला देणगी घेणारा विकासनिधी उभा केला. तुम्ही प्रत्येक संस्थेकडून २००२ चं ब्लेंडर मागताय. मला २०१४ चं ओपनएसएसएल पुन्हा नकोय. देणगीदाराने पैसा मोकळा द्यावा आणि कशावर लावायचा हे जे काम करतात त्यांनी ठरवावं. शिक्का मारलेला पैसा कुठवर जातो ते सांगते. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये पायथन फाउंडेशनने अमेरिकी सरकारच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनचं पंधरा लाख डॉलरचं अनुदान नाकारलं. पायपीआयच्या सुरक्षेसाठीच होतं, हवं तेच काम. पण अट अशी, की विविधता आणि समावेशाच्या उपक्रमांवर सरकारने घातलेली बंधनं संस्थेच्या झाडून सगळ्या कामाला लागू होणार, फक्त या प्रकल्पाला नव्हे, आणि भंग झाला असं ठरलं तर दिलेला पैसाही परत मागता येणार. वर्षाच्या खर्चाच्या जवळपास तिसरा हिस्सा त्यांनी सोडला.

मामा : तिथे त्यांनी काय केलं बघ. अट वाचली, जगाला सांगितली आणि पैसा नाकारला. अट कागदावर होती म्हणून नाकारता आली. तुझ्या बॅनरवरचं वाक्य हीसुद्धा अटच आहे. फक्त ती देणाऱ्याने नाही, घेणाऱ्याने घातलेली. घेणारा म्हणतो, ‘यासाठी दे.’ देणारा ते मानून देतो. मग ती अट कागदावर का नको?

मामांचं हे वाक्य मला वादाचं मर्म वाटतं, आणि इथे भाचीचा मोकळ्या पैशाचा आग्रह आणि मामांचा हेतूचा आग्रह यांत खरा विरोध उरत नाही. ‘आम्ही हा पैसा पगारावर, डागडुजीवर आणि आम्हाला आत्ता न सुचलेल्या कामांवर खर्च करू’ हेही एक प्रामाणिक वाक्य आहे, आणि त्याने पैसा पूर्ण मोकळा राहतो. हेतू अरुंद करा असं कुणी म्हणत नाही. हेतूविषयी जे भासवलं ते आणि जे झालं ते शेजारी शेजारी ठेवा, एवढंच मागणं आहे. वार्षिक अहवालात त्या वर्षी वापरलेला देणगीचा मजकूर जसाच्या तसा छापावा. त्याच पानावर पैसा कुठल्या कायदेशीर संस्थेच्या खात्यात गेला, त्यातून काय होत नाही, आणि मागितलं त्या दिवशी किती महिन्यांची बेगमी हाताशी होती, हे लिहावं. याला नवा कायदा लागत नाही, टक्केवारी लागत नाही, पावत्यांचे गठ्ठे तर मुळीच लागत नाहीत. काही संस्था प्रत्येक देवघेव जाहीर करतात. ते स्तुत्य आहे, पण चहाच्या बिलापर्यंतची यादी वाचून देणगीदाराला आपण दिलेल्या पैशाचं काय झालं हे कळतंच असं नाही.

एक आक्षेप उरतो : पैसा पैशात मिसळतो, तेव्हा ‘यातून काय होत नाही’ असं सांगता तरी येईल का? एकाच संस्थेत बऱ्याचदा येत नाही. देणगीने एका कामाचा भार उचलला, की दुसरा पैसा मोकळा होतो. पण संस्था दोन असल्या आणि प्रवाह एकाच दिशेने असला, जसा मोझिलात आहे, की स्वच्छ सांगता येतं. जिथे सांगता येत नाही, तिथे ‘सगळा पैसा एकत्र जातो’ असं लिहायला कुणाची ना नाही.

भाची : समजा हे मान्य केलं. तपासणार कोण? इंग्रजी विकिपीडियाला बंड करणारे संपादक होते. बहुतेक प्रकल्पांना कुणीच नसतं. तुमचा ऑडिटर बॅनर वाचणार नाही.

मामा : सांगितलं तर वाचेल. आम्ही ठराव वाचतो, करार वाचतो, बॅनर वाचायला काय झालं? पण प्रकल्प लहान असेल, ऑडिटच होत नसेल, तिथे काय, ते तू सांग. तुमच्या बंगळुरूच्या झेरोधाने काढलाय ना अशा प्रकल्पांसाठी निधी?

भाची : फ्लॉस फंड. २०२४ च्या ऑक्टोबरपासून, वर्षाला दहा लाख डॉलर, एका प्रकल्पाला जास्तीत जास्त एक लाख. अर्जाचं प्रकरण साधं आहे. प्रकल्पाने आपल्या जागेवर ‘फंडिंग डॉट जेसन’ नावाची एक फाइल ठेवायची. पैसा कसा घेता, किती आणि कशासाठी हवा, आणि मागच्या वर्षांचा इतिहास. वर्ष, उत्पन्न, खर्च, कर, चलन.

मामा : ते आकडे झाले. मागच्या वर्षी काय सांगून मागितलं होतं आणि त्यातलं काय झालं नाही, याला रकाना आहे?

भाची : तसा नाही. शेवटी ‘वर्णन’ म्हणून एक जागा आहे. ती रिकामीही राहू शकते.

मामा : मग तुझ्या प्रकल्पाची भरून टाक आधी, आणि मला दाखव.